शेपूट हलवणारं खोकड

आटपाट नगर होतं. नगराचं नाव नोवोसिबिर्स्क. ते आहे सैबेरियात. थंडीत पारा शून्याखाली तीस अंश उतरला तरी तिथं कुणाला नवल वाटत नाही. त्या मुलखात एका शास्त्रज्ञानं १९५९ साली एक प्रयोग मांडला. त्यासाठी त्यानं जमवली रुपेरी खोकडं.

खोकड ठाऊक आहे ना तुम्हाला? आपल्या माळरानावर दिवेलागणीला झुबकेदार शेपूट सांभाळत पळतं ते. हे त्याचंच थंड मुलखातलं भावंड. अंग काळं आणि केसांच्या टोकांना चांदीची झाक. त्या केसाळ कातड्यासाठी लोक त्यांना पिंजऱ्यांत वाढवत. पण पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या हातचं खाऊनही ती माणसाळली नव्हती. कुणी जवळ गेलं की एक तर कोपऱ्यात अंग चोरून बसायची, नाहीतर दात विचकून हातावर झडप घालायची.

त्या शास्त्रज्ञाचं नाव दिमित्री बेल्यायेव. त्याला एक कोडं पडलं होतं. हजारो वर्षांपूर्वी लांडग्याचा कुत्रा झाला, तो कसा? त्याला वाटलं, माणसानं रंग पाहिला नसेल, कान पाहिले नसतील. त्यानं एकच गोष्ट पाहिली असेल, ती म्हणजे जनावराचा स्वभाव. मग आपण खोकडांवर हेच करून पाहिलं तर?

हे करायला धाडस लागत होतं, बरं का. तेव्हाच्या रशियात आनुवंशिकतेचं शास्त्र सरकारला नको होतं. बेल्यायेवचा थोरला भाऊ निकोलाय याच शास्त्राचा अभ्यासक. त्याला १९३७ साली गोळी घालून मारलं होतं. तरीही धाकट्यानं तो अभ्यास सोडला नाही. मदतीला घेतली ल्युदमिला त्रूत नावाची पंचविशीतली मुलगी. तिनं पुढं सारं आयुष्य या खोकडांमध्ये काढलं.

सुरुवात झाली १०० माद्या आणि ३० नरांनी. रीत अगदी साधी. पिल्लू जरा मोठं झालं की हातात खाऊ घेऊन त्याच्याजवळ जायचं आणि ते काय करतं ते लिहून ठेवायचं. गुरगुरतं का? पळतं का? की जवळ येतं? दर पिढीतली सगळ्यांत शांत अशी मोजकी पिल्लं निवडायची आणि पुढची वीण फक्त त्यांचीच घ्यायची. त्यांना काही शिकवायचं नाही, लळा लावायचा नाही. माणसाचा सहवासही मोजून मापून.

चौथ्या पिढीत एक नवल घडलं. त्रूतबाई पिंजऱ्याशी आल्या आणि एका पिल्लानं शेपूट हलवली. कुत्रा हलवतो तशी! त्याला ते कुणी शिकवलं नव्हतं. सहाव्या पिढीपर्यंत काही पिल्लं माणूस दिसला की कुईंकुईं करू लागली, हात चाटू लागली. आठव्या-दहाव्या पिढीत तर रूपच पालटलं. कुणाचे कान लोंबायला लागले, कुणाच्या कपाळावर पांढरा ठिपका आला, कुणाची शेपूट वर वळली. निवड झाली होती फक्त स्वभावाची आणि मागोमाग शरीरही बदलत गेलं. रक्त तपासलं तेव्हा कळलं, की भीतीच्या वेळी अंगात उसळणारी संप्रेरकं या खोकडांमध्ये पुष्कळ कमी झाली होती.

मग त्यांनी आणखी एक परीक्षा घेतली. दुसऱ्या बाजूला त्यांनी रागीट खोकडांचीही वीण चालवली होती. त्या रागीट मादीचे गर्भ काढून शांत मादीच्या पोटात रुजवले. शांत मादीची स्वतःची पिल्लंही त्याच पोटात होती. जन्मल्यावर कुठलं पिल्लू कुणाचं, हे रंगावरून ओळखता येत होतं. सगळी एकाच पोटात वाढली, एकाच आईचं दूध प्यायली. पण रागीट आईची पिल्लं रागीटच निघाली.

आता माझी थोरली नात म्हणेल, “आजोबा, म्हणजे आजी म्हणते तेच खरं. स्वभावाला औषध नाही.” जरा थांब. ही एक गोष्ट झाली. एका गोष्टीवरून निवाडा करायचा नसतो.

आता सैबेरिया सोडून चला कॅनडात, मॉन्ट्रियल शहरी. तिथं मायकेल मीनी नावाच्या शास्त्रज्ञानं उंदरांच्या आयांकडे लक्ष दिलं. त्याला दिसलं, की उंदरीण पिल्लांना पाजायला बसली की त्यांना चाटते, त्यांचं अंग साफ करते. पण सगळ्या आया सारख्या नसतात. काही भरपूर चाटतात, काही अगदी जेवढ्यास तेवढं. ज्या पिल्लांना पहिल्या आठवड्यात भरपूर चाटलं जातं, ती मोठेपणी निवांत असतात. नव्या जागेत सोडलं तर हिंडून पाहतात. ज्यांच्या वाट्याला ते कमी येतं, ती बिचकणारी होतात. जरा खुट्ट झालं की भेदरतात.

तुम्ही म्हणाल, भित्र्या आईचं पिल्लू भित्रं, त्यात विशेष ते काय? मीनीलाही ही शंका आलीच. म्हणून जन्मल्या जन्मल्या पिल्लांची अदलाबदल करून पाहिली. कमी चाटणारीची पिल्लं भरपूर चाटणारीच्या कुशीत ठेवली. ती निवांत झाली! एवढंच काय, त्यातल्या मुली पुढं आया झाल्या, तेव्हा त्यांनीही आपल्या पिल्लांना भरपूर चाटलं. जन्मदात्रीचं नव्हे, सांभाळणारीचं वळण त्यांनी उचललं.

शास्त्रज्ञांनी मेंदूत डोकावून पाहिलं. भीतीचा जोर ओसरायला मदत करणारा एक जनुक दोन्हींकडे तोच होता. पण कमी चाटलेल्या पिल्लांमध्ये त्या जनुकावर मिथाइल नावाचे बारीकसे रासायनिक गट चिकटले होते आणि त्यामुळे तो नीट काम करत नव्हता. भरपूर चाटलेल्यांमध्ये ते गट बरेच कमी होते. २००४ साली हे जगाला कळलं. आईच्या जिभेचा स्पर्श थेट जनुकांपर्यंत जाऊन पोहोचतो, हे ऐकून मी कितीतरी वेळ नुसता बसून राहिलो होतो.

धाकट्या नातवाच्या कपाळावर आठी पडली आहे आणि ती पडायलाच हवी. खोकडांमध्ये आई बदलून फरक पडला नाही, उंदरांमध्ये पडला. मग खरं कोण? बाळा, दोन्ही खरं. खोकडांची पिढ्यान्‌पिढ्या निवड करून त्यांच्या बीजातच, म्हणजे जनुकांतच, टोकाचा फरक घडवला होता. एवढा फरक आईच्या कुशीनं पुसला जात नाही. उंदरांमध्ये मात्र अशी टोकाची निवड झालेली नव्हती, म्हणून तिथं कुशीला वाव मिळाला. निसर्गात बीज आणि सांभाळ यांची कुस्ती लागलेली नसते. दोघं मिळून काम करतात. कधी याचा वाटा मोठा, कधी त्याचा.

माणसाचं काय? जुळ्या भावंडांचा कितीतरी देशांत अभ्यास झाला आहे. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात थॉमस बुशार्ड यांनी १९७९ पासून तर लहानपणीच ताटातूट होऊन निराळ्या घरी वाढलेली जुळी शोधून काढली. या सगळ्या अभ्यासांचं सार असं, की माणसामाणसांच्या स्वभावात जो फरक दिसतो, त्यातला साधारण चाळीस ते पन्नास टक्के बीजातून आलेला असतो. उरलेला निम्मा किंवा त्याहून जास्त फरक इतर गोष्टींमुळे. आणि गंमत म्हणजे एकाच घरात, एकाच ताटात जेवून वाढलेली भावंडंही स्वभावानं फारशी सारखी निघत नाहीत. तुम्ही दोघंच पाहा ना! पाहुणे आले की एक पुढं धावत जाते आणि एक दाराआड.

असं का होतं, याचा एक धागा जर्मनीत ड्रेस्डेन शहरात सापडला. गेर्ड केम्परमान आणि त्यांच्या सोबत्यांनी चाळीस चिमुकल्या उंदरिणी घेतल्या. सगळ्यांचं बीज तंतोतंत एक, एकसारख्या जुळ्यांचं असतं तसं. घरही सगळ्यांना मिळून एकच. पण घर कसलं, वाडाच तो! अनेक मजले, नळ्यांचे बोगदे, खेळणी, लपायच्या जागा. प्रत्येकीच्या कातडीखाली एक बारकी चिप बसवली होती आणि जागोजागी यंत्रं होती. कोण केव्हा कुठं गेली, याची रात्रंदिवस नोंद होत होती.

पहिल्या काही दिवसांत साऱ्या जवळपास सारख्याच वागल्या. मग हळूहळू फाटे फुटायला लागले. एखादी रोज नवनवे कोपरे धुंडाळू लागली, तर एखादी ठरावीक जागा धरून बसू लागली. तीन महिन्यांत त्यांच्यातलं अंतर खूप वाढलं. शेवटी मेंदू तपासले, तर ज्या जास्त हिंडल्या होत्या त्यांच्या मेंदूत, स्मरण आणि शिकणं जिथं चालतं त्या भागात, नव्या चेतापेशी जास्त तयार झालेल्या आढळल्या. ही गोष्ट २०१३ सालची.

बीज एक, घर एक. तरी चाळीस उंदरिणी चाळीस तऱ्हांच्या झाल्या. सुरुवातीला कुणी चुकून डावीकडे वळली असेल, कुणाला बोगद्यात खाऊ सापडला असेल. एवढासा फरक. पण गवतातून चार माणसं चालली की पायवाट पडते, पाचवा त्याच वाटेनं जातो आणि वाट आणखी रुळते. तसं झालं. एकदा केलेली गोष्ट पुन्हा करणं सोपं जातं. पुन्हा केली की मेंदू तिच्याजोगा घडतो आणि तसा घडलेला मेंदू परत तेच करायला लावतो. तुमच्यासारखा माणूस साऱ्या जगात दुसरा का नाही, याचं पुष्कळसं उत्तर इथं आहे.

बरं, आता माणसाच्या बाळांकडे येऊ. हार्वर्ड विद्यापीठात जेरोम केगन नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. त्यांनी चार चार महिन्यांची बाळं पाहिली. शेकड्यांनी पाहिली! बाळासमोर रंगीत खुळखुळे हलवायचे, ध्वनिफितीवरचा अनोळखी आवाज ऐकवायचा, उग्र वासाचा कापसाचा बोळा नाकाजवळ न्यायचा. साधारण पाचातलं एक बाळ हातपाय झाडून, पाठीची कमान करून रडायचं. पाचातली दोन शांतपणे बघत राहायची, हसायची. बाकीची अधलीमधली.

केगननी ही मुलं मिसरूड फुटेपर्यंत नजरेखाली ठेवली. हातपाय झाडणारी बाळं पुढं बरीचशी बुजरी, सावध झाली. आपल्याकडे मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात, त्यात तथ्य आहे. पण पुढचं ऐका, कारण खरी गोष्ट तिथं आहे. त्या बाळांपैकी फारच थोडी पुढं बेधडक झाली, हे खरं. पण अगदी भित्री आणि घुमी राहिली तीही थोडीच. उरलेली मुलं मित्रांत मिसळली, वर्गात बोलली, खेळली. केगन म्हणत, जन्मजात कल पाहून मूल काय होणार नाही याचा अंदाज बांधता येतो; ते नक्की काय होईल, हे त्यावरून सांगता येत नाही.

आणि मग २००३ साली त्यांच्या सोबत्यांनी एक फार सुंदर गोष्ट दाखवली. दोन वर्षांची असताना जी मुलं बुजरी होती, ती आता विशी ओलांडलेली होती. त्यांना मेंदूची चित्रं टिपणाऱ्या यंत्रात झोपवून अनोळखी चेहरे दाखवले. मेंदूत अमिग्डाला नावाचा बदामाच्या आकाराचा भाग असतो, धोक्याची वर्दी देणारा. या तरुणांमध्ये तो अजूनही इतरांपेक्षा जास्त चेतत होता. आतली वर्दी वीस वर्षांनीही येत होती. पण वर्दी आली म्हणून माणसानं तिचं ऐकलंच पाहिजे, असं नाही. ऐकतोयस ना, धाकट्या? पाहुणे आले की तुझ्या छातीत धडधडतं, ते तुझ्या हाती नाही. धडधड होत असताना दाराआड जायचं की दोन पावलं पुढं टाकायची, हे शिकता येतं. तुझ्यासारखी धडधड सोसणारी लाखो माणसं ते शिकली आहेत.

आता संगतीची गोष्ट. २०२० साली मे महिन्यात विदर्भात टोळधाड आली होती, आठवतं? अमरावती, नागपूरकडच्या शेतकऱ्यांनी थाळ्या बडवून, धूर करून संत्र्याच्या बागा राखल्या होत्या. तोच टोळ एकटा असतो तेव्हा मोठा लाजाळू प्राणी असतो. रंग आजूबाजूच्या गवता-मातीत मिसळणारा, रात्रीचा हिंडणारा, दुसरा टोळ दिसला की दूर सरणारा. इतका निराळा, की पूर्वी शास्त्रज्ञांना या दोन वेगळ्या जातीच वाटायच्या. १९२१ साली बोरिस उवारोव यांनी टोळांबद्दल दाखवलं, की ही एकाच प्राण्याची दोन रूपं असतात.

तो पालटतो कसा? वाळवंटात पाऊस पडतो, हिरवळ माजते, टोळ वाढतात. मग हिरवळ आटते आणि उरल्यासुरल्या चाऱ्यावर सगळ्यांची गर्दी होते. अंगाला अंग लागतं, मागच्या पायांच्या मांड्या एकमेकांना घासतात. शास्त्रज्ञांनी एकट्या टोळाच्या मागच्या मांडीवर नुसता ब्रश फिरवला, तरी काही तासांत त्याचा लाजाळूपणा गेला! त्या स्पर्शानं त्याच्या चेतासंस्थेत सेरोटोनिन नावाचं रसायन वाढतं आणि दूर पळणारा टोळ जवळ जाऊ लागतो. हे रसायन अडवलं, तर गर्दीत राहूनही तो एकटाच राहतो. २००९ साली हे सिद्ध झालं. पुढं रंगही बदलतो. गर्दी मोडली, की हळूहळू माघारीही फिरतो. ढवळ्याशेजारी बांधला पवळा, वाण नाही पण गुण लागला, हे आपल्या शेतकऱ्यांनी ओळखलं होतंच. माणूस काही टोळ नव्हे. दोन तासांच्या सोबतीनं तो पालटत नाही. पण वर्षानुवर्षं कुणाच्या सोबतीत बसतो, त्याची छाप त्याच्यावर पडतेच. म्हणून आयाबाया मुलांच्या मित्रांची चौकशी करतात, त्याचा राग मानू नका.

आता थोरलीचा शेवटचा प्रश्न. एवढं सगळं होऊन माणूस किती बदलतो? याचं उत्तर स्कॉटलंडमध्ये मिळालं. तिथं १९५० साली शिक्षकांनी चौदा वर्षांच्या मुलामुलींचे गुण लिहून ठेवले होते. आत्मविश्वास किती, चिकाटी किती, मन किती स्थिर, काम किती नेटकं, असे सहा गुण. पुढं २०१२ साली त्यांच्यातल्या १७४ जणांना शोधून पुन्हा तेच गुण जोखले. मुलं आता सत्त्याहत्तर वर्षांचे आजी-आजोबा झाली होती! चौदाव्या वर्षीच्या नोंदींचा आणि सत्त्याहत्तराव्या वर्षीच्या माणसाचा मेळ जवळजवळ बसेना. चार-पाच वर्षांत स्वभाव फारसा हलत नाही, म्हणून तो कायमचा वाटतो. त्रेसष्ट वर्षांत मात्र तो पुष्कळ दूर जातो. आणि बहुतेक माणसं वय वाढेल तशी जास्त जबाबदार, जास्त शांत होतात, हेही पुष्कळ देशांत दिसलं आहे.

पण म्हातारपणाची वाट कशाला पाहायची? अमेरिकेत काही महाविद्यालयीन मुलांना विचारलं, तुम्हाला स्वतःत काय बदलावंसं वाटतं? कुणी म्हणालं, मला चारचौघांत बोलता यायला हवं. कुणी म्हणालं, मला कामात नीटनेटकं व्हायचंय. त्यांना दर आठवड्याला लहान लहान कामं निवडायला दिली. दुकानदाराशी दोन शब्द बोला. उद्याचं दप्तर आज भरून ठेवा. असं पंधरा आठवडे. ज्यांनी ती कामं खरोखर केली, त्यांचा स्वभाव थोडा, पण मोजता येईल इतका त्या दिशेनं सरकला. ज्यांनी कामं घेतली आणि केलीच नाहीत, त्यांच्या पदरी काही पडलं नाही. त्यांची इच्छा काही कमी नव्हती. पण ज्या उंदरिणी जास्त हिंडल्या, त्यांच्याच मेंदूत नव्या पेशी जास्त आढळल्या, आणि आपलंही तसंच आहे.

तेव्हा मुलांनो, बीज आपण निवडत नाही. लहानपणची कूस आपण निवडत नाही. सोबती थोडेफार निवडता येतात. आज काय करायचं, ते सगळ्यांत जास्त आपल्या हाती असतं. ज्याला जो गुण हवा, त्यानं त्या गुणाचं सगळ्यांत लहान काम उद्या सकाळीच करावं आणि परवा पुन्हा करावं. आणि हे वाचणाऱ्या वडीलधाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. पोर ऐकत असताना “हा असाच आहे” असं पुन्हा म्हणू नका. ते अजून घडतं आहे आणि त्याला घडवणाऱ्यांत तुम्हीही आहात.